फुगवट्यातलं बेट

११ जानेवारी २००४, लातूर

आज माझ्या विषयाला गिऱ्हाईक आलं, म्हणून नवी वही काढली.

लातुरात भूगोलाला काय किंमत आहे ते मला विचारा. गल्लोगल्ली भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे क्लास, पत्र्याच्या शेडमध्ये दोनदोनशे पोरं कोंबलेली, बाहेर सायकलींचा खच. आणि माझ्याकडे येतात ते दहावीच्या तोंडावर नकाशा भरायला शिकवा म्हणणारे चारदोन जण. शाळेच्या स्टाफरूममध्ये मला 'हवामान खातं' म्हणतात. म्हणोत बापडे.

तर आज सिद्रामप्पांनी बोलावून घेतलं. पूर्वी त्यांची आडत होती. ती मोडून त्यांनी क्लास काढला आणि आता निम्म्या गावातली पोरं त्यांच्याकडे. ''शरणार्थ, सर! बसा,'' म्हणाले आणि स्वतः खुर्ची पुढे केली. बिलोलीच्या अलीकडे जे धरण आहे, त्याच्या फुगवट्यात, म्हणजे भिंतीमागे साचलेल्या पाण्यात, एक बेट आहे. माणूस राहत नाही, झोपडीसुद्धा नाही. ते त्यांना लांब मुदतीच्या कराराने मिळतं आहे. तिथं बारावीचं निवासी केंद्र काढायचं. जागा कशी आहे, तिथं काय काय होऊ शकतं, हे भूगोलाच्या अंगाने कुणीतरी लिहून द्यायला हवं.

मी विचारलं, ''आप्पा, बेटच कशाला?''

''सर, गेल्या साली हॉस्टेलातली तीन लेकरं पळाली. एक मुरुडला आज्जीकडं घावलं, एक भोकरच्या स्टँडावर. तिसऱ्याचं तुमाला ठावंच हाय. बेटावरून कुठं पळतेत? भिंत बांधायची गरजच न्हाई. पाणीच भिंत.''

तिसऱ्याचं सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यावर कुणी बोलत नाही.

मोबदला म्हणून मंजूची बारावी तिथं फुकट. माझी पोर डॉक्टर होणार आणि तीही भूगोलाच्या जोरावर! घरी येताना पेढे घेतले. बसम्मा अक्काने एक तोंडात टाकला आणि म्हणाली, ''पाण्यात कशाला धाडायलास लेकराला?'' अक्का माझी थोरली बहीण. मंजूची आई गेल्यापासून तिनेच घर सांभाळलं आहे. तिला कशातही खोट दिसते.

२५ जानेवारी

बेट पाहून आलो. अजून अंगात उत्साह आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नांदेडहून बिलोलीची गाडी, मग फाट्यावरून जीप, मग चांदपाशाची नाव. चांदपाशा फुगवट्यात मासे धरतो. त्या भागात चालू स्थितीतली नाव त्याची एकट्याचीच. बेट पायताणाच्या आकाराचं आहे. टाच पूर्वेकडे उंच, सगळा काळा कातळ. चवडा पश्चिमेला, सखल आणि सपाट, मुरमाड. कडेने धरणाचा गाळ, काळाभोर आणि मऊ. धरण झालं तेव्हा खालचं गाव उठवून दुसरीकडे बसवलं. हे बेट म्हणजे त्या गावाचा माळ. झाडं म्हणजे वेड्या बाभळी आणि सपाटीवर मधोमध एक थोरला निंब. बगळे, पाणकावळे भरपूर. हवामान उष्ण, कोरडं; वारा पश्चिमेचा, संध्याकाळी सुखद.

उन्हाळ्यात पाणी हटलं की बेट चौपट होतं. गाळपेरीला लोक येतात, टरबूज, काकडी, खरबूज करतात. पाणी आलं की निघून जातात. चांदपाशाचाही त्यात तुकडा आहे. म्हणजे बेटाचं क्षेत्रफळ किती, या प्रश्नाचं उत्तर महिन्यागणिक वेगळं! पोरांना शिकवायला काय सुंदर उदाहरण आहे. मी दोन तास नुसता फिरत होतो. चांदपाशा हसत होता. म्हणाला, ''सर, तुमी तर जमीन इकत घ्यायला आल्यावानी करून राहिले.''

एक गोष्ट टोचली, ती लिहून ठेवतो. धरण पूर्ण भरलं तर पाणी कुठवर येईल, हे दाखवणारे दगड खात्याने पुरलेले आहेत. त्यातला एक कातळाच्या पायथ्याशी सापडला. म्हणजे सगळी सपाटी त्या दगडाच्या खाली येते. आणि बांधकाम तर सपाटीवरच होऊ शकतं.

चांदपाशाला विचारलं, इथवर पाणी कधी आलं होतं?

''कवाच न्हाई. माझ्या बापाच्या वक्ताला धरण झालं. अर्धं बी भरलं न्हाई. हे भरलं तर मी कंधारच्या दर्ग्याला चादर चढवीन, बगा.''

९ फेब्रुवारी

अहवाल देऊन आलो. तीन प्रकरणं: स्थान आणि भूरचना, हवामान आणि जलसंपत्ती, विकासाच्या संधी. शेवटचं मन लावून लिहिलं. निवासी केंद्र, मागे फळबाग, सुट्टीच्या दिवसांत नौकाविहार, पक्षिनिरीक्षण. इमारत भूकंपरोधक असावी, हे मी ठळक अक्षरात घातलं. खांब, पट्ट्या, वर सिमेंटचा स्लॅब. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर या भागात दुसरं काही बांधणं म्हणजे गुन्हा आहे. मंजूची आई माहेरच्या दगडमातीच्या घराखाली सापडून गेली. पोर वाचली ती नशिबाने. मला बांधकामातलं फार कळत नाही, पण एवढं कळतं.

दगडाचं मी आप्पांना सांगितलं. लपवलं नाही. म्हटलं, कातळावर बांधावं, नाहीतर जोतं तरी पुरुषभर उचलावं.

आप्पा मोठ्याने हसले. ''सर, मराठवाड्यात धरण भरंल म्हणता? तुमच्या तोंडात साखर पडो. भरलं ना, तर मी सगळ्या लातूरला जेवू घालतो.''

तिथं बसलेले सगळे हसले. मीही हसलो. खरं तर हसण्यासारखंच आहे. आमच्या घरी नळ आठवड्याने येतो आणि मी पुराची काळजी करतो आहे. अहवालातलं दगडाचं वाक्य मी 'अपवादात्मक वर्षी सखल भागात ओलावा संभवतो' असं करून दिलं. चुकीचं नाही ते.

१७ मार्च २००५

वर्षभर वहीत काही लिहिलं नाही. शाळा, परीक्षा, तेच ते. बेटावर स्लॅब पडला. आप्पांनी मला मुद्दाम नेलं. मुलींचा हॉल, मुलांचा हॉल, मध्ये अभ्यासिका, वर मोठी गच्ची. निंब अंगणात ठेवला आहे, त्याला पार बांधला. जाहिरातीत माझ्या अहवालातली वाक्यं आहेत: 'निसर्गाच्या कुशीत, मोहापासून दूर.' फोन नाही, टीव्ही नाही, आठवड्यातून एकदा नाव. खाली माझं नाव छापलेलं नाही, पण वाक्यं माझीच आहेत.

मंजूला वाचून दाखवली. ती म्हणाली, ''झोपायचं कुठं असतं, पप्पा?''

ही तिची जुनी खोड. भूकंपानंतर ती कधी छताखाली झोपली नाही. थंडीत अंगणात, पावसात पडवीच्या कडेला, तेही पाय बाहेर ठेवून. सुरुवातीला सगळं लातूरच बाहेर झोपायचं, म्हणून लक्षात आलं नाही. मग लोक आत गेले आणि ही राहिली. मी म्हटलं, इमारत भूकंपरोधक आहे. ती 'बरं' म्हणाली. शहाणी पोर आहे, वाद घालत नाही.

१२ जून

मंजूला पोचवून आलो. नावेत ती माझ्या शेजारी बसली होती, एका हाताने माझी बाही धरून. एवढी मोठी झाली तरी. मी तिला बेटाची भूरचना समजावून सांगितली. निघताना रेक्टरबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की ही बाहेर झोपायचा हट्ट करेल, ऐकू नका, सवय मोडायची हीच वेळ आहे. डॉक्टर झाल्यावर काय इस्पितळाच्या अंगणात झोपणार?

परतीच्या गाडीत बरं वाटत नव्हतं. मंजूची बाज अजून अंगणातच आहे, कुणी उचलली नाही.

१७ जुलै

पालकभेट. मंजू वाळली आहे. अभ्यासाने होतंच. चाचणीत मार्क बरे आहेत. रेक्टरबाई म्हणाल्या, हॉलमध्ये झोपते म्हणजे पडून राहते, डोळे उघडे. दोनदा दार ठोठावलं तिने. म्हणून आता तिला निंबाच्या पारावर झोपू देतात, इतर मुलींची झोपमोड नको.

निघताना मंजू म्हणाली, ''पप्पा, मला घरी घेऊन चला.''

इतकंच. रडली नाही, कारण सांगितलं नाही. मी म्हटलं, दिवाळीला नेतो. सगळ्या पोरांना पहिले दोन महिने जड जातात, असं आप्पा सांगतात आणि त्यांचा अनुभव दांडगा आहे. ती नावेपर्यंत आली आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत तिथेच उभी होती.

अक्काला हे सांगायला नको होतं. ''तोंड उघडून मागितलं न्हाई तिनं आजवर काई. आन् आता मागितलं ते घर,'' एवढं बोलून तिने ताट सरकवलं.

२८ ऑगस्ट

पाऊस! असा पाऊस मी या जिल्ह्यात पाहिला नाही. ओढे, नाले, सगळे दुथडी. पेपरात रोज धरणाचे आकडे येतात आणि लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखे वाचतात. बिलोलीकडचं आपलं धरण पाऊण भरलं. स्टाफरूममध्ये आज मला कुणी हवामान खातं म्हटलं नाही. उलट विचारत होते, सर, भरेल का हो? मी म्हटलं, भरलं पाहिजे.

अक्काचं तुणतुणं चालूच आहे. शेवटी मीही विचार केला. पोरगी सतरा वर्षांची आहे. एक वर्ष उशीर झाला डॉक्टर व्हायला, तर काय आभाळ कोसळणार आहे? खरं सांगायचं तर घर फार रिकामं वाटतं. तिच्या त्या 'बरं' म्हणण्याचीसुद्धा सवय असते माणसाला.

१५ सप्टेंबर

धरण काठोकाठ भरत आलं. बांधल्यापासून पहिल्यांदा! सोमवारी जलपूजन आहे. मुंबईहून मोठे पाहुणे येणार. भिंतीजवळ पूजा व्हायची, पण आप्पांनी वजन वापरून ती फुगवट्याच्या काठावर, बेटासमोर घेतली. केंद्राची आयती जाहिरात. मलाही शाल-नारळ देणार आहेत, 'बेटाचे भूगोलकार' म्हणून. असा शब्दच नाही, पण ऐकायला बरा वाटला.

अक्काला कबूल केलं: सोमवारी सत्कार झाला की मंजूला घेऊनच येतो. कायमची. अक्काने लगेच गोधडी उन्हात घातली. ऊन नव्हतं, तरी घातली.

१९ सप्टेंबर, मांडवात

पाहुणे अजून आले नाहीत, नांदेडला अडकलेत म्हणतात. वही पिशवीत होती, म्हणून बसल्या बसल्या लिहितो.

काय गर्दी आहे! बँड, गुलाल, बाया नटून आलेल्या. ओटीला हिरवी साडी, खण, नारळ, चांदीच्या ताटात मांडून ठेवलंय. पाण्याची ओटी भरायची म्हणजे माहेरवाशीण घरी आल्यासारखंच. म्हातारे लोक पाण्याला हात लावून कपाळाला लावतात. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

धरणावरचा एक इंजिनिअर मघापासून आप्पांच्या मागे लागला आहे, की वरून पाण्याचा येवा फार आहे, दरवाजे आत्ताच उचलू द्या. लोकांनी त्याला घेरलं. ''पूजा झाल्याबिगर एक थेंब सोडायचा न्हाई! इतक्या वर्सानं भरलंय आन् तुमी सोडून द्यायलाव?'' बिचारा बाजूला जाऊन उभा राहिला. त्याचंही बरोबर असेल, पण लोकांच्या भावना आहेत.

चांदपाशाची नाव झेंडूने सजवली आहे. पाहुण्यांना बेटावर न्यायचं आहे. चांदपाशा मघाशी येऊन म्हणाला, ''सर, पाणी लई चढून राहिलंय. एक खेप मारून येऊ का तिकडं?'' आप्पा म्हणाले, हार खराब होतील, पाहुणे आले की एकदमच जा. तेही खरं. मी चांदपाशाला चादरीची आठवण करून दिली. तो हसला नाही. दमला असेल.

इथून बेट फार सुरेख दिसतं. सपाटीवर पाणी पसरलंय आणि इमारत पाण्यातच उभी आहे, चित्रातल्यासारखी. पोरं सगळी गच्चीवर गेली आहेत, सोहळा बघायला. ओरडताहेत, पण बँडमुळे ऐकू येत नाही.

मंजू तेवढी खाली आहे, एकटी, निंबाच्या पारावर. पिवळ्या ओढणीमुळे ओळखू येते. सगळी पोरं वर आणि ही खाली. फार एकलकोंडी झाली. घरी नेलं की तिला बोलतं केलं पाहिजे.

तिने मला पाहिलं. दोन्ही हात वर करून हलवते आहे. मीही उठून हात हलवला. बराच वेळ हलवत होती. मी खुणेने सांगितलं, थांब तिथेच, येतोच.

गाड्यांचा आवाज आला. पाहुणे आले वाटतं.

६ ऑक्टोबर, लातूर

माझी पोर गेली. हे लिहून बघितलं. लिहिल्याने काही होत नाही.

वरच्या अंगाला एक पाझर तलाव होता, तो फुटला. ओटी भरणं चाललं होतं तेव्हा लोंढा फुगवट्यात शिरला. मी शालीची वाट बघत रांगेत होतो. चांदपाशाने कुणाला न विचारता दोर कापला आणि हारांसकट नाव घातली. गच्चीवरची सगळी पोरं त्याने खेपा करून आणली. एकाच्याही नखाला धक्का लागला नाही. स्लॅब उत्तम होता.

मंजू दोन दिवसांनी बाभळीत सापडली. आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती दिली. जंगमाने जे सांगितलं ते सगळं मी केलं. मुठीने माती टाकताना मला वाटलं ती 'बरं' म्हणेल.

चौकशीला अधिकारी येऊन गेले. अहवाल तुम्हीच लिहिला का, म्हणाले. हो म्हटलं. उंची, पातळी, दगड, सगळं सांगितलं. आप्पा आता फोन घेत नाहीत. शेवटी अधिकाऱ्यांनी विचारलं, जिना पंधरा पावलांवर होता, बाकी सगळे चढले, मग तुमची मुलगी का नाही चढली? मी म्हटलं, घाबरली असेल. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

आज चांदपाशा घरी आला. बिलोलीहून दोन गाड्या बदलून. उंबऱ्यातच बसला, आत ये म्हटलं तरी येईना. नावेतल्या मुलींनी त्याला जे सांगितलं, ते मला सांगायला आला होता.

''सर, पोरी लई बोलावत होत्या तिला. बाईनी हाताला धरून ओढलं. पन ती म्हनली, मी सिमीटावर चढनार न्हाई. गुडघ्याला पाणी लागलं तरी उभीच. हसून म्हनली म्हने, तुमी जावा, माझे पप्पा तिकडंच हायेत, मला दिसून राहिलेत. थांब म्हनून सांगितलंय. उघड्यावर थांबलं की पप्पा येतेत.''

खांद्यावरचा पंचा तोंडाला लावून बसला. मी त्याला म्हटलं, म्हणजे घाबरलीच ती.

अक्का दारात उभी होती.

''घाबरली न्हाई, शिवा. तू शिकिवलेलं केलं तिनं. भूकंपानंतर शेडात ऱ्हायलो तवा रोज भुई हालायची. छपराखालून भाईर पळायचं, उघड्यावर हुभारायचं, आन् पप्पा येईस्तोर जागचं हालायचं न्हाई. शाळेतल्या कवितेवानी म्हणून घ्यायचास तिच्याकडून. आन् भुई हालली की शाळा सोडून पळत यायचास बी तू. दर टायमाला यायचास.''

मी म्हटलं, भूकंपात तेच बरोबर असतं, अक्का. पुस्तकातसुद्धा तसंच दिलं आहे.

''हाव,'' अक्का म्हणाली आणि चांदपाशासाठी चहा टाकायला आत गेली.